कोणाचा परेरा?

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील गावांतून, म्हणजे पापडीपासून नंदाखालपर्यंत आणि गिरिजपासून आगाशीपर्यंत, दारावरच्या पाट्या वाचीत जाणाऱ्या परक्या माणसाला परेरा, लोपीस, डिमेलो, घोन्सालविस, डाबरे, तुस्कानो, आल्मेडा अशी जी आडनावे भेटतात, ती त्याच्या लेखी सरसकट ‘इंग्रजी आडनावे’ असतात; आणि हा समज इतका घट्ट रुजलेला आहे की मुंबईत नोकरीला जाणाऱ्या वसईच्या तरुणाला, त्याची मराठी ऐकून झाल्यावर, ‘मग आडनाव इंग्रजी कसे?’ हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. वस्तुतः यांतले एकही आडनाव इंग्रजी नाही. इंग्रजी अमलातील कारकुनांनी फार तर त्यांचे लेखन बदलले. पोर्तुगिजांच्या ‘दे’ या शब्दाचा संकोच करून त्याच्यापुढे वरचा स्वल्पविराम ठेवला, ‘दे मेलू’चा ‘डिमेलो’ झाला, ‘दे सौझा’चा ‘डिसोझा’ झाला, आणि त्या पोशाखात ही नावे जगाला इंग्रजी दिसू लागली. नाव एका सत्तेने दिलेले, लेखन दुसरीचे, उच्चार मात्र मराठी तोंडाचा, अशी त्यांची घडण आहे. आणि म्हणूनच ती ठेवावीत की टाकावीत हा वाद आता वसईच्या घराघरांत अधूनमधून उद्भवतो.

तो वाद मी ज्या दोघांच्या तोंडून सविस्तर ऐकला, ते नात्याने मामा-भाचे. मामा निवृत्त शिक्षक. उतारवयात त्यांनी केवळ जुन्या नोंदवह्या वाचता याव्यात म्हणून पोर्तुगीज भाषेची तोंडओळख करून घेतली, आणि चर्चच्या कपाटातील कसरीने खाल्लेली पाने ज्या हळुवारपणे उलटावी लागतात त्या हळुवारपणाची त्यांच्या बोलण्यालाही सवय झाली आहे. भाचा वसईच्या न्यायालयात वकिली करतो. त्याला नुकताच मुलगा झाला असून स्नानसंस्काराची तारीख ठरायची आहे, मुलाचे धर्मपिता मामांनीच व्हावे अशी घरच्यांची इच्छा आहे, आणि त्यापूर्वी शासकीय राजपत्रात जाहिरात देऊन ‘परेरा’ हे आडनाव टाकावे व धर्मांतरापूर्वीचे म्हणून घरात परंपरेने सांगितले जाणारे ‘नाईक’ हे आडनाव घ्यावे, असा भाच्याचा निश्चय आहे. अर्जाचा मसुदा त्याच्या खिशातच होता.

“मामा, माझे म्हणणे साधे आहे,” भाचा म्हणाला. “आपण घरात बोलतो ती सामवेदी बोली, शेजारच्या हिंदू सामवेदी ब्राह्मणाच्या घरी तीच बोलतात. आजी नेसत असे ते लाल लुगडे. वाडीत केळी, पानवेल, फुले. आगाशीची सुकेळी तर मुंबईच्या बाजारात नावाजलेली. यांतले पोर्तुगालचे काय आहे? एक आडनाव तेवढे. आणि ते आपल्याकडे कसे आले? गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला, त्या तहनाम्यावर आपल्या पूर्वजांपैकी कोणाची निशाणी नव्हती. जमीन गेली तिचा निदान तहनामा आहे. नाव गेले त्याचा कागदही नाही.”

“कागद होता,” मामा म्हणाले, “आणि तो कागद कसा असे हे तू एकदा नीट समजून घे, कारण तुझ्या आडनावाचा उगम लिस्बनमध्ये नसून त्या कागदात आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपल्या चोविसाव्या बैठकीत असा नियम केला की स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता वा धर्ममाता कोण आहेत हे धर्मगुरूने विचारून घ्यावे आणि त्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत. हेतू आडनावाचा नव्हता. ज्याने पाण्यातून हात धरून मुलाला वर घेतले तो त्या कुटुंबाचा आध्यात्मिक सोयरा झाला, आणि अशा सोयऱ्यांत पुढे लग्नसंबंध होऊ नयेत, एवढ्यासाठी ही नोंद. आता त्या नोंदीचे पान डोळ्यांपुढे आण. तारीख, मुलाचे किंवा नवख्रिस्ती माणसाचे नवे नाव, आईबापांची नावे, धर्मपित्याचे नाव, खाली पाद्रीची सही. ज्याचा संस्कार व्हायचा त्याला ‘इनासियु’ हे नाव मिळाले, पण इनासियु तर गावात पुष्कळ. मग हा कोणता? ज्याचा धर्मपिता परेरा तो इनासियु परेरा. धर्मपिता कधी किल्ल्यातला एखादा पोर्तुगीज गृहस्थ असे, कधी पाद्रीच आपले आडनाव देई. अशा रीतीने धर्मपित्याचे आडनाव त्या घराला चिकटले. पोर्तुगीज भाषेत ज्याला ‘कोंपाद्रे’ म्हणतात, म्हणजे मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता यांनी एकमेकांना ज्या नात्याने हाक मारावी ते नाते, त्याच शब्दापासून आपल्या समाजाला ‘कुपारी’ हे नाव पडले असे मानतात. तेव्हा तुझे आडनाव रक्ताचे सांगत नाही हे खरेच आहे. ते एका सोयरिकीची आठवण सांगते.”

“सोयरीक दोन्ही बाजूंच्या खुषीने होते, मामा.”

हे उत्तर भाच्याने आवाज न चढविता दिले, आणि मला वाटते, संपूर्ण वादातले सर्वांत वजनदार वाक्य तेच होते. परंतु मामांना त्याच्याशी लगेच भिडायचे नव्हते. प्रथम त्यांना आडनाव या वस्तूचाच पाया दाखवायचा होता, आणि शिक्षकी पेशातली माणसे ज्या क्रमाने धडा घेतात त्या क्रमाने त्यांनी तो घेतला.

“ज्यांनी आपल्याला ही आडनावे दिली त्यांची तरी ती होती का, ते पाहू. फर्नांडिस म्हणजे फर्नांदूचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगूचा, घोन्सालविस म्हणजे गोन्सालूचा. पण फर्नांदू, रोद्रिगू, गोन्सालू ही नावे पोर्तुगालच्या मातीतली नव्हेत. रोमचे साम्राज्य मोडत असताना पाचव्या शतकात उत्तरेकडून येऊन ज्या व्हिसिगॉथ टोळ्यांनी तो देश जिंकला, त्या जेत्यांची ती जर्मानिक नावे. पुढे ७११ साली अरबांच्या फौजा उतरल्या. दक्षिण पोर्तुगाल १२४९ पर्यंत त्यांच्या अंमलाखाली होते. ‘आल्मेडा’ हे गावाचे नाव अरबीतून आलेले. आणि ‘मिस्किटा’ हे आडनाव लावणारी ख्रिस्ती घरे तर तुझ्या ओळखीची आहेत. पोर्तुगीज भाषेत ‘मेस्किता’ म्हणजे मशीद. मशिदीवरून नाव पडलेल्या गावाचे आडनाव पोर्तुगिजाने लावले, ते त्याने आपल्याकडे आणले, आणि ते आज चर्चच्या बाकावर बसणाऱ्या माणसाचे आहे. राहिलेली पाहशील तर ती झाडांची, जनावरांची आणि हत्यारांची. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक, कोएल्हो म्हणजे ससा, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. लोपीस हा लोपूचा मुलगा, आणि लोपू म्हणजे लांडगा. तेव्हा देशावरचा लांडगे आणि नंदाखालचा लोपीस यांच्या पूर्वजांना नाव देणाऱ्यांच्या मनात जनावर एकच होते. सोळाव्या शतकात तर खुद्द पोर्तुगालात आडनाव पक्के नव्हते. एकाच आईबापांची मुले, एक आजोबांचे, एक आईकडचे, अशी वेगवेगळी आडनावे लावीत.”

“आणि ज्या इंग्रजांचे म्हणून लोक आपले आडनाव समजतात त्यांचे?” मी मध्येच विचारले, कारण या समजाचा उलगडा व्हावा असे मला मनापासून वाटत होते.

“त्यांची कथा निराळी नाही,” मामा म्हणाले. “१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यापूर्वी तेथे पिढीजात आडनाव ही चीज जवळजवळ नव्हती. जेत्यांबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नावे आली आणि थोड्याच पिढ्यांत जुनी इंग्रजी नावे मागे सरून जिंकलेल्यांच्या घरी जेत्यांची नावे रांगू लागली. त्यांच्याच मुलांचे पुढे विल्यम्स, रॉबर्ट्स, रिचर्ड्स झाले. मग राजाला डोईपट्टी वसूल करायची होती. १३७७ ते १३८१ या काळात तीन वेळा ती बसविली गेली, आणि पट्टी गोळा करणाऱ्याला कोणता जॉन हे कळल्यावाचून गत्यंतर नव्हते. १५३८ साली राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने स्नानसंस्कार, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. यानंतर आडनाव हलेनासे झाले. त्या हुकमानंतर दहाबारा वर्षांनी विल्टशरमधील बुश्टन गावी एक मुलगा जन्मला. टॉमस स्टीफन्स. स्टीफन म्हणजे ग्रीक भाषेत मुकुट, आणि स्टीफन्स म्हणजे स्टीफनचा मुलगा. हेही नाव इंग्लंडमध्ये नॉर्मनांच्या येण्यानंतरच रुळलेले. हा टॉमस जेझुइट होऊन १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला, मराठी शिकला, आणि १६१६ साली राचोलच्या छापखान्यातून त्याचे ‘क्रिस्तपुराण’ बाहेर पडले. पण गोव्याच्या दप्तरात तो स्टीफन्स राहिला का? नाही. तेथे तो पाद्री तोमास इश्तेव्हांव झाला. ज्याच्या हाती वही त्याच्या भाषेत नाव! इंग्रजाचेही सुटले नाही. म्हणून मी म्हणतो, आडनावावरून माणसाचा मूळ पुरुष शोधायला जाऊ नये. आडनाव सांगते ते इतकेच की अमुक काळी अमुक मुलखात नोंदवही कोणाच्या हाती होती.”

येथे भाचा हसला नाही आणि रागावलाही नाही. न्यायालयात साक्षीदाराचे लांबलचक निवेदन ऐकून घेतल्यावर वकील ज्या थंडपणाने उलटतपासणीस उभा राहतो त्या थंडपणाने तो म्हणाला:

“व्हिसिगॉथांनी पोर्तुगिजांच्या पाठीवर वळ उठविले म्हणून माझ्या पाठीवरचा वळ पुसला जात नाही. तुम्ही मला जगाचा इतिहास सांगितलात. मी माझ्या आळीचा विचारतो. १५५९ साली गोव्यात फर्मान निघाले की ज्या हिंदू मुलांचे आईबाप वारले आहेत त्यांना पाद्रींच्या स्वाधीन करून त्यांना ख्रिस्ती करावे. पुढच्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले, आणि त्याची हद्द पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साऱ्या मुलखाला लागू होती, वसईलाही. देवळे पडली. मंडपेश्वरच्या लेण्यावर चर्च उभे राहिले, त्याच्या भिंती आजही बोरिवलीजवळ पाहता येतात. अशा वातावरणात जो हात पाण्यातून वर काढायला पुढे येतो, त्याला ‘सोयरा’ म्हणण्याचे माझे धाडस होत नाही. आणि हे मी धर्माविषयी बोलत नाही. श्रद्धा माझी आहे. ती मी आईच्या मांडीवर शिकलो, ती माझ्यावर कोणी लादली नाही. पण श्रद्धा ठेवायला परेरा लागत नाही.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे मान्य केले ते निःसंदिग्धपणे मान्य केले: जबरदस्ती झाली, लालूच झाली, जमिनी आणि हुद्दे यांच्या आशेनेही माणसे गेली, आणि काही खऱ्या श्रद्धेनेही गेली, चारशे वर्षांनंतर कोणत्या घरात यांतले काय घडले हे ठरविण्याचे साधन आपल्या हाती नाही. मग ते म्हणाले:

“पण एक हिशेब तू वकील असून केला नाहीस. पोर्तुगिजांचा अंमल येथे १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, गोरे सरदार, त्यांचे कबिले आणि बहुतेक पाद्री जहाजांत बसून निघून गेले. ज्यांच्या जरबेने नाव लागले असे तू म्हणतोस ते त्या दिवशी संपले. त्यानंतर मराठ्यांचा अंमल. त्यात काही ख्रिस्ती घराणी शुद्ध करून घेऊन पुन्हा हिंदू झालीही, म्हणजे वाट बंद नव्हती. मराठ्यांनी वसईचे नाव बाजीपूर ठेवले. ते टिकले नाही, लोकांनी वसईच म्हटले. म्हणजे सरकारने दिलेले नाव लोकांना नको असले तर ते कसे गळून पडते याचे उदाहरण तुझ्या गावाच्याच नावात आहे. मग परेरा का गळले नाही? पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, पोर्तुगालच्या राजाचा एक शिपाईही येथे नाही, आणि तरीही तुझ्या खापरपणजाने आपल्या मुलाला परेराच लावले. पहिल्याने ते निमूटपणे घेतले असेल. नंतरच्या दहा पिढ्यांनी ते राखले. त्या दहा पिढ्यांना तू विचारणार नाहीस का?”

“विचारतो,” भाचा म्हणाला. “आणि त्यांतल्या एका पिढीचे उत्तर मला ठाऊक आहे. १८८७ च्या मे महिन्यात, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे होत असताना, मुंबईत ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांची आणि आपली आडनावे एकच. साहेबाला फरक कळेना. तेव्हा मुंबई, साष्टी आणि वसईकडच्या जुन्या ख्रिस्त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून आपल्याला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. सांगायचे ते हे की आम्ही कंपनी सरकारची पहिली रयत, कारकुनीच्या जागा प्रथम आम्हाला मिळाव्यात. मामा, आडनाव एका सत्तेचे आणि जातीचे नाव एका कंपनीचे! त्या पिढीने परेरा राखले ते प्रेमाने नव्हे; इंग्रजी कचेरीत ते चालत होते म्हणून राखले.”

या आरोपात तथ्य आहे, आणि मामांनी ते नाकारले नाही. फक्त एवढेच म्हणाले की पोटाच्या पाठीमागे लागून केलेल्या गोष्टींना लाज वाटण्याजोगे मानू नये, कारण तसे मानले तर देशातल्या निम्म्या घराण्यांची आडनावे लाजिरवाणी ठरतील. आणि येथून ते ज्या मुद्द्याकडे वळले तो, माझ्या मते, या वादाचा गाभा होय.

“तू नाईक होणार. उत्तम. पण नाईक हे काय आहे? हुद्दा आहे. पाटील हा हुद्दा आहे. जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत ज्याला पट्टकिल म्हणत तोच. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी हेही हुद्दे. फडणीस आणि पोतनीस यांच्या शेपटीला जो ‘नीस’ आहे तो फार्सी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, चिटणिसाचाही तोच. मुजुमदार तर आरंभापासून अखेरपर्यंत यवनी दप्तरातला. पुण्याच्या फडणिसाला कोणी इराणचा म्हणत नाही, आणि म्हणू नयेच. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत शेतकऱ्याचे नाव कसे लिहीत? ‘अमका बिन तमका’. तो ‘बिन’ अरबी. इंग्रजाच्या स्टीफन्सला शेवटी जो ‘स’ आहे आणि लोपीसच्या शेवटी जो ‘स’ आहे, त्याचे काम आपल्याकडे हा ‘बिन’ करीत होता. तुला वाटते की परेराची खपली काढली की खाली आपले अस्सल, कोणी न दिलेले नाव मिळेल. खाली दुसरी खपली आहे. पोर्तुगिजांच्या वहीखाली सुलतानाचे दप्तर, त्याखाली यादवांचे. तेथे तुझा पूर्वज कोणाचा तरी नाईक होता, एवढेच.”

“मान्य,” भाचा म्हणाला. “पण नाईक म्हटल्यावर समोरचा माणूस पुढचे विचारीत नाही. परेरा म्हटल्यावर विचारतो. घर भाड्याने घ्यायला गेलो की ‘तुम्ही गोव्याचे का?’, मराठीत युक्तिवाद केला की ‘वा, मराठी चांगले बोलता!’ ज्या भाषेत मी जन्मलो ती चांगली बोलल्याबद्दल मला शाबासकी मिळते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. जन्मभर मराठीत लिहिले, ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ दिला, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबादला ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होण्याची त्यांची पाळी आली तेव्हा काय झाले? विरोधाचे सूर उठलेच ना? त्यांच्या जागी कोणी नाईक असता तर उठले असते का?”

“उठले,” मामा शांतपणे म्हणाले, “आणि ते अध्यक्ष झाले. तू पहिला भाग सांगतोस, मी दोन्ही सांगतो. ‘दे ब्रितू’ म्हणजे पोर्तुगालातल्या ब्रितू गावचा. त्याचा ‘दिब्रिटो’ कोणी केला? वसईने केला, आणि त्यांनी ते देवनागरीत आपल्या ग्रंथांवर असे ठसविले की २०२४ साली ते गेले तेव्हा मराठी वाचकाला ते नाव परके राहिले नव्हते. ‘दे आब्रेऊ’चा डाबरे झाला. १९९८ साली वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे. त्यांनी डॉक्टरेट कशावर केली? तुकोबांवर. सिसिलिया कार्व्हालो मराठीच्या लेखिका. या माणसांनी आडनाव टाकले असते तर मराठीला काय कळले असते? एवढेच की नाईक मराठी लिहितात. ते तिला पूर्वीच ठाऊक होते. त्यांनी ते ठेवून लिहिले म्हणून मराठीची हद्द वाढली. तू परेरा टाकलेस तर प्रश्न विचारणाऱ्याचा समज जसाच्या तसा राहील, आणि पुढच्या परेराला तो पुन्हा विचारील.”

“पुढच्या परेराचे ओझे माझ्या पोराने का वाहावे?”

या प्रश्नाला मामांपाशी उत्तर नव्हते, आणि मला वाटते कोणापाशीच नसावे. समाजाच्या भल्यासाठी एखाद्याने आपले नाव झेंड्यासारखे मिरवावे असे त्याला दुसऱ्याने सांगणे अन्याय्य आहे. ज्याचे नाव त्याचा अधिकार, आणि कायदाही त्याच्याच बाजूचा. इतिहासाच्या प्रांतात मी निःसंशय मामांच्या पक्षाचा आहे, कारण शुद्ध आडनाव ही कल्पनाच त्यांनी मोडीत काढली आणि ती मोडीत निघणेच इष्ट होते. परंतु जगण्याच्या प्रांतात, रोजच्या रोज आपली ओळख सिद्ध करावी लागण्याचा शीण ज्याला होतो, त्याच्या शिणाला इतिहासाचे दाखले देऊन उतार पडत नाही.

तथापि या दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट निसटत होती, आणि ती बोलता बोलता भाच्याच्याच तोंडून निघाली. तो म्हणाला, “परेराने तरी काय कळते? आमच्या आळीत सगळेच परेरा. पोस्टमन येतो तो विचारतो, ‘कोणाचा परेरा?’”

मामा एकदम पुढे सरसावले. वस्तुस्थिती अशी की थोड्याच धर्मपित्यांची आडनावे पुष्कळ घरांना वाटली गेल्यामुळे वसईच्या गावांत एकेका आडनावाची घरेच घरे आहेत, आणि म्हणून लोकांनी सरकारी आणि धर्मविषयक दोन्ही दप्तरांच्या बाहेर आपली एक तिसरी व्यवस्था शतकानुशतके चालविली आहे: घराचे नाव. कोणते घर जुन्या इनासचे, कोणते पास्कूचे, कोणते बस्त्यावचे. कोणते विहिरीवरचे, कोणते घाणीवाल्यांचे, कोणते नुसते ‘मोठ्या घरचे’. यांतला इनास म्हणजे पोर्तुगीज इनासियु, पास्कू म्हणजे पाश्कोआल, बस्त्याव म्हणजे सेबास्तियांव. परंतु मराठी जिभेने त्यांना असे काही घासूनपुसून आपलेसे केले आहे की मूळ मालकाला ती ओळखू येऊ नयेत. आणि कागदावर नाव लिहिताना वसईचा ख्रिस्ती मुलगा पोर्तुगीज रीतीने आईचे व बापाचे आडनाव एकापुढे एक लिहीत नाही; स्वतःचे नाव, मग बापाचे नाव, मग आडनाव, अशी साऱ्या महाराष्ट्राची तीन पदरी रीत तो पाळतो. आडनाव पोर्तुगीज असले तरी नाव घडविण्याचा साचा मराठी आहे. या गोष्टीकडे आजवर कोणी पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि मला ती आडनावाच्या अर्थापेक्षा अधिक मोलाची वाटते.

“ही घराची नावे कोठे लिहिली आहेत?” मामांनी विचारले. “चर्चच्या वहीत नाहीत. सातबाऱ्यावर नाहीत; तेथे खातेदाराचे नाव, बापाचे नाव आणि परेरा. फेरफाराच्या नोंदीत क्वचित एखादा जुना तलाठी ‘ऊर्फ’ म्हणून काही लिहून गेला असेल तर. ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ साली, त्याआधी महानगरपालिका झाली, वाड्या विकल्या गेल्या, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. सदनिकेच्या दारावर ‘परेरा’ लिहिता येते, ‘विहिरीवरचे’ लिहून काय करणार, विहीर बुजली. जी नावे कोणत्याही सत्तेने दिली नाहीत, कोणत्याही कारकुनाने लिहिली नाहीत, ज्यांत जबरदस्ती नाही आणि लालूचही नाही, अशी आपली तीच आहेत. तू नाईक घेशील. एका काळचे दप्तरी नाव जाऊन दुसऱ्या काळचे येईल. पण ही गेली तर ती कोणत्याही राजपत्रात जाहिरात देऊन परत मिळणार नाहीत.”

भाच्याने खिशातला मसुदा काढून पुन्हा एकदा वाचला. जुने नाव, नवे नाव, कारण, असे त्यात रकाने होते. त्याने तो फाडला नाही, आणि आपला निश्चय बदलला असेही म्हणाला नाही. उलट, आडनाव बदलण्याचा आपला हक्क अबाधित आहे हे त्याने स्पष्ट बजावले. मात्र अर्ज दाखल करण्यापूर्वी आळीतल्या साऱ्या घरांची नावे, ती का पडली याच्या हकिकतीसह, वयस्कर माणसांकडून विचारून लिहून काढायची हे त्याने पत्करले, आणि वकिली सवयीप्रमाणे लगेच रकाने पाडावयास घेतले: घराचे नाव, कोणावरून पडले, सांगणाऱ्याचे वय, सध्याचे आडनाव.

पहिल्याच नोंदीवरून दोघांचे पुन्हा बिनसले. भाच्याच्या स्वतःच्या घराला आळीत ‘कातरीनचे घर’ म्हणतात. नवरा ऐन तारुण्यात वारल्यावर जिने सावकाराकडून वाडी सोडवून घेतली, पानवेलीला स्वतः रहाटाने पाणी घातले आणि मुलांना वाढविले, अशा एका विधवेवरून ते नाव पडले, असे तिच्या पणतवंडांपर्यंत सांगत आले आहेत. चर्चच्या वहीत ती कोणाची मुलगी आणि कोणाची पत्नी म्हणून दोनदा येते. जमिनीच्या कागदांत तिचा पत्ता नाही, कारण तेथे नाव लागले ते अज्ञान मुलाचे. मामांचे म्हणणे पडले की यादीत तिच्या नवऱ्याचे नाव प्रथम लिहून मग ‘घर कातरीनचे’ असे लिहावे, म्हणजे पुढे कोणी वही ताडून पाहील तर मेळ बसेल. भाचा म्हणाला, वह्यांशी मेळ बसविण्यासाठी ही यादी करायची असेल तर मग मी नाईकच बरा. आणि त्याने पहिल्या रकान्यात कातरीन लिहिले, दुसऱ्या रकान्यातही कातरीनच लिहिले, आणि तिच्या माहेरचे आडनाव कोणाला आठवते का ते विचारायला आईला हाक मारली.